कबरस्तानातलं गवत पेटवू नका, आणि तो मेसेजही पुढे ढकलू नका

ऑल सोल्स डे (ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, २ नोव्हेंबर) जवळ आला की दरवर्षी हा मेसेज व्हॉट्सॲपवर डोकं वर काढतो. "जुन्या दफनभूमी म्हणजे विषाचं आगर", आणि खाली पाच हुकूम: वाळलं गवत पेटवा, साप मरतील; उरलेल्यावर तणनाशक मारा, खडेमीठ टाका; कबरींवरचे काळे डाग ॲसिडने काढा; चिंच-पिंपळ तोडा, ते रात्री विषारी वायू सोडतात; घुबड दिसलं तर हाकला. यंदा तो मावशीच्या मोबाइलवर पोहोचला आणि तिने माळ्याला तणनाशकासाठी पैसेही देऊन टाकले. आता उत्तर देणं भाग आहे.

सगळ्यात घातक हुकूम पहिलाच. साप आहेत, हे मान्य. नाग, घोणस, मण्यार तिन्ही नागपूरच्या आसपास आहेत, आणि सर्पदंश ही थट्टेची गोष्ट नाही. मिलियन डेथ स्टडी या, देशातल्या मृत्यूंची कारणं शोधणाऱ्या मोठ्या अभ्यासाच्या हिशेबाने २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. पण तोच अभ्यास पुढे काय सांगतो ते मेसेजवाल्यांनी वाचावं: निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, बहुतेक खेड्यापाड्यांतले आणि घरीच झालेले. दवाखाना गाठलाच गेला नाही, हे त्यातलं खरं दुखणं. साप चावला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, अंगारेधुपारे नकोत. हात-पाय न हलवता थेट मेडिकल किंवा मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं गाठा.

आणि आगीने साप मरतो कुठे? धूर लागताच तो उंदराच्या बिळात नाहीतर कबरीच्या भेगेत शिरतो. मरतात त्या सापसुरळ्या, सरडे, गोगलगायी आणि गवताच्या काड्यांना चिकटलेले फुलपाखरांचे कोश. दगडाचं नुकसान वेगळंच. नागपूरजवळची कामठीची लष्करी छावणी १८२१ ची. त्या काळापासूनच्या इंग्रजी कबरींवर संगमरवरात अक्षरं कोरून, खाचेत बारीक भोकं पाडून त्यांत शिसं ठोकून बसवायची पद्धत होती. शिसं ३२७ अंशांना वितळतं. पाटीला टेकलेलं कुसळीचं दाट वाळलं गवत पेटलं की अक्षरं सैल होऊन गळतात, उरतात ती नुसती भोकं. मग पणजोबांचं नाव कोणी वाचायचं?

गवत काढायचं तर कापा. ऑक्टोबरच्या शेवटी, बी झडल्यावर. गमबूट घाला, काठी आपटत चला. फाटकाकडून सुरुवात करून झुडपांच्या कोपऱ्याकडे सरका, म्हणजे जे काही आत असेल त्याला पळायला वाट राहते. खाली १०-१५ सेंटिमीटर गवत ठेवा, पार भादरू नका. ग्रास कटरची नायलॉन दोरी कबरीपासून वीतभर लांब ठेवा, ती मऊ दगडाच्या कडा उडवते. तेवढा पट्टा विळ्याने काढा. कापलेल्या गवताचे ढीग त्याच दिवशी उचला, कारण साप बसतो तो ढिगात. खरकटं आणि प्लास्टिक उचललं तर उंदीर घटतात, आणि उंदरांमागे येणारी धामणही. फिनाईल, गंधक, डांबरगोळ्या यांना साप भीक घालत नाही.

तणनाशक. त्यातलं नेहमीचं ग्लायफोसेट पानांतून शिरून हिरवं झाड मारतं, मातीतल्या बीला काही करत नाही. म्हणजे मारवेल, कुसळी यांसारखं मुळांनी माती धरून ठेवणारं गवत जातं आणि उघड्या जमिनीवर पहिल्या पावसात गाजर गवत आणि तरोटा उगवतो. आपली काळी माती आधीच उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. ती उघडी पडली की कबरी आणखी तिरक्या होतात. रायमुनिया (घाणेरी) आणि गाजर गवत नकोच, ते मान्य. पण गाजर गवत फुलावर येण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं असतं. तरोटा थोडा राहू द्या, त्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात.

मिठाची शिफारस करणाऱ्याला तर हात जोडावे. या भागातला जुना दगड बराचसा वालुकाश्म, ज्या थराला भूशास्त्रात कामठीचंच नाव आहे. मिठाचं पाणी त्याच्या छिद्रांत शिरतं, ऑक्टोबरच्या उन्हात स्फटिक होतं, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

ॲसिडचंही तसंच. संगमरवरावर ओतलं की फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं मळ निघतोय. तो फेस म्हणजे संगमरवर विरघळतोय. चकाकी जाते, पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होतो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट काळा पडतो. साधं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, खालून वर. तारेचा ब्रश नको. काळ्या पाषाणावरचं दगडफूल तसंच असू द्या.

झाडांचा विषारी वायू? रात्री झाडं श्वसन करतात, थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतात. उघड्या हवेत त्याने कोणाला विषबाधा होत नाही. गंमत म्हणजे याच ग्रुपवर "पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो" हेही फिरतं. दोन्ही मेसेज एकाच माणसाने पाठवलेले असतात. घुबडाबद्दल एवढंच: कबरस्तानात दिसतो तो बहुतेक पिंगळा, नाहीतर गव्हाणी घुबड, आणि दोघंही उंदीर खातात.

पिंपळाबाबत मात्र अर्धं खरं आहे, मानावं लागेल. पक्ष्याच्या विष्ठेतून चुन्याच्या सांध्यात पडलेलं बी कबर फोडतं. पेन्सिलीएवढं खोड असेल तर पावसानंतर हळूच ओढून मुळासकट काढा. त्याहून जाड असेल तर ओढू नका, मुळं दगड उचकटतात: वीतभर वर कापा, सालीचं कडं काढा, फुटवे येतील तसे खुडत राहा. मूळ वाळून आकसलं की काढून फट चुन्याने भरा. सिमेंट ओल आत कोंडतं. मोठं झाड तोडायला महापालिका हद्दीत १९७५ च्या झाडांचे जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मेसेजमध्ये ही ओळ नाही, दंड मात्र तोडणाऱ्यालाच होतो.