खुर्च्या अडवायला इफ्फीला येता का?

इफ्फी म्हणजे गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. त्यासाठी पणजीत आयनॉक्स थिएटरच्या बाहेर तास तास रांगेत ताटकळायचं, आत शिरायचं आणि बघावं तर मधल्या ओळीतल्या ओळीने पाच खुर्च्यांवर बॅगा, ओढण्या, पाण्याच्या बाटल्या. "कुणी आहे का इथे?" "येतायत, कॉफी घ्यायला गेलेत." अहो, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं इथेही करायचं? सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटं झाली तरी त्यातल्या दोन रिकाम्याच. आणि बाहेर बुकिंग न मिळालेली पोरं 'फुल्ल झालं' म्हणून परत जातायत. रात्रभर गाडीत बसून, पैसे साठवून आलेली असतात हो ती! डोकं फिरतं अक्षरशः.

त्यात ते फोन! पडद्यावर काळोख, एका म्हातारीचा चेहरा, तिचा श्वास तेवढा ऐकू येतोय, आणि पुढच्या ओळीत भक्कन पांढरा उजेड. का, तर पडद्याचा फोटो काढून स्टेटसला टाकायचाय. बंद करा म्हटलं की वर आपल्यालाच डोळे वटारून दाखवणार.

यातले बहुतेक सिनेमे आपल्याकडे परत कधी थिएटरला लागत नाहीत. 2024 चा सुवर्णमयूर, म्हणजे इफ्फीतला सर्वोत्तम सिनेमाचा पुरस्कार, लिथुआनियाच्या 'टॉक्सिक'ला मिळाला. साताऱ्यात, सोलापुरात कुठे लागला तो? मोठ्या पडद्यावर बघायची हीच काय ती संधी, आणि तीही तुमच्या गप्पांपायी वाया घालवायची.

सगळ्यात संताप येतो तो शेवटी. श्रेयनामावली सुरू व्हायच्या आत खुर्च्या धडाधड वाजायला लागतात. इतक्या लांबून आलेली दिग्दर्शिका माइक हातात घेऊन पुढे उभी, आणि तिच्यासमोर दाराकडे निघालेल्या पाठीच पाठी. लाज वाटते बघताना. आणि 40 लाखांचा सुवर्णमयूर जाहीर झाला की हीच मंडळी चहाच्या टपरीवर हिरिरीने सांगणार, "ज्युरीला काही कळत नाही, दुसऱ्याच सिनेमाला द्यायला हवा होता." तुम्ही पाऊण तासात उठून गेला होतात, मी बघितलंय! अर्धवट बघून कसला निकाल लावताय?

दिवे गेले की धरलेल्या खुर्च्यांवरच्या बॅगा सरळ उचला आणि बाहेरच्या पोरांना आत घ्या. कॉफीवाले आले उशिरा, तर बसतील पायऱ्यांवर.