न वाळणारं बाळ

जगात एक रंग असा आहे जो वाळतच नाही. आज नाही, उद्या नाही, पुढच्या गणपतीपर्यंत तसाच ठेवला तरी नाही. हीट-सेट पेंट म्हणतात त्याला. रीबॉर्न डॉल, म्हणजे ती हुबेहूब खऱ्या तान्ह्या बाळासारखी दिसणारी व्हाइनिलची, म्हणजे मऊ प्लास्टिकची बाहुली, ती रंगवायला बरेच लोक हाच वापरतात. याला हवेशी काही घेणंदेणं नाही, साधारण 130 डिग्री सेल्सिअसला आठ-दहा मिनिटं भाजला की मगच तो व्हाइनिलला धरतो, तोवर ओला. विकणारे म्हणतात की हीच तर सोय, निवांत काम करा, घाई नाही! निवांत कसलं हो, त्या ओल्या गालावर घरातला प्रत्येक केस, शालीचा प्रत्येक धागा आणि मांजर असेल तर अख्खं मांजर येऊन चिकटतं.

भाजायचं म्हणजे ओव्हन आला, आणि ज्या ओव्हनमध्ये हे भाजलं त्यात परत खायचं काही करायचं नाही हा नियम. म्हणून आमचा गॅरेजमध्ये. आम्ही अमेरिकेत, ओहायोत राहतो, वाफ कोंडू नये म्हणून गॅरेजचं दार वर करून ठेवायचं, आणि जानेवारीत दार वर करणं म्हणजे काय ते इथल्यांनाच विचारा. मी जाकीट, टोपी, हातमोजे घालून बाळाचे तळपाय गुलाबी करत बसलेली असते.

आता मुख्य दुखणं. रंग भाजूनही चिकट राहिला की संशयित दोनच, ओव्हन नाहीतर रंग पातळ करायचा थिनर, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

ओव्हनचं सांगते. इथलं बटण फॅरेनहाइटमध्ये, 265 च्या आसपास लावायचं. सल्ले देणारे निम्मे जर्मनी-इंग्लंडचे, ते सेल्सिअसमध्ये बोलतात. एकदा नवऱ्याने मोठ्या प्रेमाने मदत म्हणून 130 वर लावून ठेवला, फॅरेनहाइट! म्हणजे 54 सेल्सिअस, बाळाला गरम पाण्याची अंघोळ झाली फक्त. बरं, बटण 265 वर असलं तरी आत 265 असेल असं काही नाही. आतली कॉइल तापते, बंद होते, परत तापते, त्यामुळे पारा कधी 240 कधी 290, आत वेगळं थर्मामीटर ठेवलं तेव्हा हे कळतं. कमी पडलं तर चिकट, जास्त झालं किंवा नाक कॉइलच्या जवळ गेलं तर नाकावर चकाकी, जणू बाळाला सर्दी. शिवाय डोक्याचं व्हाइनिल जाड असेल तर हातापायांच्या वेळेत त्याचं होत नाही. आणि बाहेर काढल्याकाढल्या हात लावायचा नाही, गरम व्हाइनिल मऊ असतं, बोटाचा खड्डा पडतो तो गालावरच्या खळीसारखा दिसत नाही, अजिबात नाही.

थिनर त्याहून बेरकी. ओडरलेस म्हणजे वास येत नाही इतकंच, वाफ येतेच, फक्त सांगून येत नाही, आणि ती पेटणारी असते, म्हणून ओला तुकडा तसाच आत सरकवायचा नाही, थिनर आधी उडून जाऊ द्यायचा. किती वेळ? याला प्रत्येकाचं वेगळं उत्तर आणि प्रत्येकाचं ठाम. थिनर जास्त झाला की रंग गुळगुळीत व्हाइनिलवर तेलकट तव्यावरच्या पाण्यासारखा पळतो, घड्यांमध्ये जाऊन साचतो आणि कडेला गोल डाग सोडतो. कमी झाला तर स्पंजने कितीही थोपटा, ठिपकेच ठिपके, बाळाला गोवर. चाचणी एकच, कापसाच्या काडीला थिनर लावून भाजलेल्या जागी हळूच फिरवायची. काडी स्वच्छ आली तर थर पक्का. काडीला रंग आला तर कच्चा, आणि अशा कच्च्यावर पुढचा थर दिला की त्यातला थिनर खालच्यालाही उठवून घेऊन जातो. म्हणजे काल रात्री जागून काढलेल्या निळ्या शिरा आज स्पंजवर!

त्यात मला हौस आपल्या रंगाचं बाळ करायची. गोऱ्या बाळाच्या रेसिपी ढिगाने, फिकट किटवर, म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या बाहुलीवर, थोडं गुलाबी, थोडं निळं, झालं. सावळ्यासाठी ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर अशा पिवळट-तपकिरी रंगांचे पातळ थरावर थर द्यायचे, आणि प्रत्येक थरानंतर परत भाजायचं. ब्राउन एकदम जाड दिला की मातीचा गणपती, निळं जरा जास्त झालं की तब्येत ठीक नाही असा राखाडी रंग, नारिंगी झालं की विषयच संपला. तो मधला, उन्हात तेल लावून ठेवल्यासारखा उबदार सावळा, मिळतो पण फार भाव खाऊन. माझ्या मते तेवढ्यासाठी हा सगळा ताप सहन करण्यासारखा आहे. नवऱ्याचं मत वेगळं.

सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा त्यांनी आधी ओव्हन पाहिला. "अगं, एवढा चांगला ओव्हन गॅरेजमध्ये का टाकलायस, आत आण की, नानकटाई करू." मी काही बोलायच्या आत त्यांनी दार उघडलं. आत टॉवेलवर डोकं. डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे. त्या किंचाळल्या नाहीत, फक्त मागे सरकून खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "शेजारच्यांनी पोलीस बोलावले तर?"

प्रश्न रास्त होता. 2016 साली न्यू हॅम्पशरमधल्या कीन गावात पोलिसाने उन्हात उभ्या गाडीची काच फोडून असंच एक बाळ बाहेर काढलं होतं, श्वास द्यायच्या तयारीत तोंडात बोट घालायला गेला तेव्हा कळलं की बाहुली. हे मी त्यांना धीर द्यायला सांगितलं, धीर काही आला नाही.

पण दोन दिवसांत सासूबाई स्वतःच काडी घेऊन तपासायला बसल्या. "हा डावा पाय कच्चा आहे अजून, दे परत आत." परत गेल्यावर आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न बाळाचा. डोकं अजून तुळतुळीत आहे, मोहेअर, म्हणजे अंगोरा बकरीचे मऊ केस, एकेक सुईने टोचून बसवायचेत आणि मी टाळतेय, तर परवा म्हणतात, "जावळ काढलंस की काय मला न विचारता?"