चिलखताचं चित्र काढणाऱ्या पोट्ट्याले सल्ला द्यायची रीत

दर गावात एक तरी पोट्टा किंवा पोट्टी असतेच, कृषी केंद्राच्या कॅलेंडरच्या पाठीमागं, रफ वहीच्या शेवटच्या पानावर, जिथं कोरी जागा सापडेल तिथं योद्धे काढणारी. खांद्यावर कवट्या, छातीवर लाल डोळा, गुडघ्याले खिळे, तलवार उंचीपेक्षा लांब, मागं ड्रॅगन. आणि एक दिवस तो कागद पानठेल्यावर तुमच्यासमोर येतो, "दादा पाय बरं, कसं जमून रायलं?" अशा वेळी घाबरायचं काम नाही. चित्र न बघता त्यावर बोलायची आपल्याकडे चांगली सवय आहेच, फक्त ती जरा पद्धतशीर वापरायची.

सगळ्यात सोपं म्हणजे कागद सुलटा व्हायच्या आत "एक नंबर भाऊ" म्हणून मोकळं व्हायचं. यात तोंडातला खर्रा पण थुंकावा लागत नाही. पोट्टा खुश, तुम्ही खुश, आणि पुढच्या वर्षी तो तेच खांदे, त्याच कवट्या, तोच डोळा घेऊन आला की परत तेच "एक नंबर" चालून जातं, नवीन काही शोधा लागत नाही.

पण तुमच्याकडे थोडा वेळ असेल आणि आजूबाजूला ऐकणारे दोन-चार जण असतील तर मग एक्स्पर्ट व्हा. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिलेला असला की झालं. पहिलं वाक्य कायम "हे असं नसते" हेच ठेवायचं, काय नसते ते नंतर ठरवता येतं. मग सांगा की युरोपातलं चिलखत एवढं जड असायचं की सरदाराले क्रेननं उचलून घोड्यावर बसवायचे. ही गोष्ट पार खोटी आहे. पूर्ण लोखंडी पत्र्याचं चिलखत साधारण १५ ते २५ किलोत बसायचं आणि ते अंगभर वाटलेलं असल्यानं माणूस त्यात स्वतः घोड्यावर चढायचा, पळायचा पण. युरियाची बॅग ४५ किलोची असते आणि ती एकाच खांद्यावर टाकून आपला माणूस दोन बांध ओलांडून जातो, त्याले कोणी क्रेन लावली का? पण हा हिशोब तिथं मांडायचा नाही. क्रेन म्हटलं की ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे होतात, १५ किलो म्हटलं की नाही होत.

टोपाले शिंगं काढली असतील तर मान हलवून "व्हायकिंग, व्हायकिंग" म्हणा, पोट्ट्याले वाटलं पाहिजे की तुमची त्यांच्यात सोयरीक आहे. आता व्हायकिंग म्हणजे उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी लढवय्ये, ते लढाईत शिंगांचे टोप घालायचे याचा काही पुरावा नाही, ती फॅशन गाजली १८७६ साली जर्मनीत बायरॉइथला, वाग्नर नावाच्या संगीतकाराच्या ऑपेराचा, म्हणजे संगीत नाटकाचा, कपडेपट कार्ल एमिल डोप्लर नावाच्या माणसानं केला तेव्हापासून. म्हणजे नाटकवाल्याची करामत. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकवेड्या भागाच्या माणसाले हे लगेच पटलं असतं, पण तुम्ही सांगू नका, तुमचं व्हायकिंग वाया जाईल.

काही जणांले चित्रापेक्षा देशाची काळजी जास्त असते. त्यांच्यासाठी तयार वाक्य आहे, "हे इंग्रजी भुतं कायले काढतं बे, आपल्या महाराजायचं काढ!" वजनदार वाक्य आहे, कोणी उलट बोलत नाही. फक्त पोट्ट्यानं विचारलं की महाराजांचं चिलखत कसं होतं, तर ताबडतोब पावसापाण्याचा विषय काढा. कारण मग सांगावं लागेल की १० नोव्हेंबर १६५९ ले प्रतापगडाखाली अफजलखानाले भेटताना चिलखत अंगरख्याच्या आत होतं, म्हणजे चित्रात ते दिसणारच नाही. मग बारीक कड्यांची जाळी, छाती-पाठ-दोन बाजू अशा चार पत्र्यांचं चार-आईना, मनगटापासून कोपरापर्यंतचं दस्तान, हे सगळं निघेल आणि तुमची गाडी चिखलात. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं जुनं संग्रहालय, १८६३ पासून उभा आहे, त्यात शस्त्रांचं दालन आहे, पण पोट्ट्याले तिथं नेऊ नका. नागपूरले तर आपण दवाखान्यासाठी जातो.

आता खरी धोक्याची जागा. चुकून जर तुम्ही चित्राकडे बघितलंच, तर त्या योद्ध्याच्या खांद्याकडे बघू नका. ते खांदे गंगाळाएवढे आहेत, वरून त्याले हातभर खिळे, आणि एकदा नजर तिथं गेली की तोंडातून निघून जाईल, "बापू, यानं हात वर केला तर खिळा यायच्याच कानात घुसंन ना?" झालं. आता पोट्टा स्वतः उभा राहील, हात वर करून बघेल, खांदा कुठं जातो, बगल कशी उघडते, लोखंड तर वाकत नाही मग तिथं काय? तिथं कड्यांची जाळी लावायचे, बगलेत आणि कोपराच्या आतून. मग त्याले कळेल की छातीचा पत्रा पोटाखाली लांबवला तर माणूस वाकू शकत नाही, घोड्यावर बसू शकत नाही, म्हणून तो कमरेच्या घडीवर संपतो. मग कळेल की खिळे अन कवट्या तलवारीले अडकायले जागा देतात, गुळगुळीत गोलसर पत्र्यावरून वार घसरून जातो. पत्रा पण काही तीन बोटं जाड नसतो, छातीवर २ मिलिमीटरच्या आसपास, हातापायाले त्याहून पातळ. एका प्रश्नातून एवढं निघतं. एवढं सगळं बाहेर पडल्यावर तुमचं काय काम राहिलं?

आणि लोखंडाखाली काय घालतात हे तर अजिबात सांगू नका. त्याखाली जाड शिवलेला डगला असतो, कापडाच्या घड्यांचा नाहीतर रुई भरलेला, तो नसला तर गदेचा दणका पत्र्यातून सरळ हाडाले लागतो. वजनापेक्षा जास्त हाल याच्या गरमीनं व्हायचे, धाप लागायची. चंद्रपूरच्या मे महिन्यात राहणाऱ्या माणसाले ही गोष्ट चित्रात कशी दाखवायची ते कोणी शिकवायची गरज नाही, आणि यवतमाळात घराघरात रुईचा ढीग लागलेला असतो. पण आपण त्या ढिगावर टेकून लोखंडावर भाषण देणार, तो मान जपला पाहिजे.

बाईचं चिलखत असेल तर गप्प राहा. म्हणजे पोट्ट्यानं काढलं असेल, पोट उघडं, मांड्या उघड्या, छातीले दोन वाट्या, तर गप्प. त्या वाट्यांच्या उतारानं वार दोन्हीकडून सरकत बरोबर छातीच्या मधल्या हाडावर येतो हे सांगितलं तर वातावरण बिघडतं. मात्र एखाद्या पोट्टीनं नखशिखांत झाकलेली, नीट बकल लावलेली लढवय्यी काढली तर तिले जरूर विचारा, "ही बाई हाय हे कसं कळंन?" हा प्रश्न फक्त तिलेच विचारायचा असतो. (माझ्या मते त्या दोघांत चित्रकार तीच आहे, पण मले कोण विचारते.)

शाळेतले एखादे ड्रॉइंगचे सर भेटले तर त्यांची वेगळीच सोय असते. ते विचारतात, "इंटरमिजिएटले ग्रेड कोणता होता?" मडकं, केळं अन घडीचं कापड ज्याले जमलं नाही त्यानं ड्रॅगन काढू नये असं त्यांचं मत असतं. खरं तर पोट्ट्याचं लोखंड धुरकट दिसते ते पेन्सिल बोटानं घासून घासून. घरचा स्टीलचा गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, खिडकीत ठेवून बघितला तर दिसते की धातूवर एकदम पांढरं अन त्याले चिकटून एकदम काळं असते, मधला करडा रंग थोडाच. पण गुंड अभ्यासक्रमात नाही.

आता पोट्ट्याओ, तुमच्यासाठी. चित्र दाखवायच्या आधीच सांगून टाका, "टाइमपास काढलं, पाच मिनिटात", मग घरच्यांनी लाइट बंद करायसाठी किती शिव्या दिल्या ते कोणी विचारणार नाही. "खरं खरं सांगजो" हे म्हणायचं, आणि कोणी खरं सांगितलं की तोंड पाडून "ती माही स्टाइल हाय" म्हणायचं. यापेक्षाही पक्कं बख्तर म्हणजे "फँटसी हाय ना दादा!" ड्रॅगन चालते तर उलटा कोपर काऊन नाही चालत? फँटसीत ड्रॅगनले माफी आहे, कोपराले कशी मिळाली कोणास ठाऊक, पण तुम्ही वापरून घ्या. हात जमत नसतील तर ढालीमागं, पाय जमत नसतील तर धुक्यात. आणि तरीही कोणी चिकाटीनं बोललाच तर रामबाण, "तू काढून दाखव." बहुतेक लोक इथं गार होतात. एखादा मात्र खिशातला बॉलपेन काढून तुमच्याच चित्रावर गिरवायले लागतो, तेव्हा काय करावं ते मी लिहू शकत नाही, त्याले कायदा आडवा येतो.

शेवटची सूचना दोन्ही पार्ट्यांले. वडसा भागात धान निघालं की नाटकांचा सीझन सुरू होते आणि पुठ्ठ्याले सोनेरी कागद लावून राजा-सेनापतीचा ड्रेस उभा करणारे कारागीर कामाले लागतात. त्यांच्याकडे चित्र चुकूनही नेऊ नका. तो माणूस कागद हातात घेतो, चष्मा वर सरकवतो, बराच वेळ काहीच बोलत नाही, ना एक नंबर ना व्हायकिंग, आणि मग विचारतो, "हे अंगात घालाचं कसं? डोक्यातून का बाजूनं? बंद कुठं हाय?" पोट्ट्याकडे उत्तर नसते. तो कागद घेऊन घरी जातो आणि दोन दिवस नुसते पट्टे, बकल अन बिजागऱ्या काढत बसतो. त्यानंतर तो पानठेल्यावर काही दाखवायले येत नाही, अन आला तर तुमची क्रेनची गोष्ट ऐकून हसते.