फाटे मोजून चितळाचं वय कळत नाही

एक फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतोय, चितळाचा नर आणि खाली लिहिलंय की शिंगाला जितके फाटे तितकी वर्षं वय, शिंग गळालं म्हणजे नर म्हातारा झाला, शिंगावरून कातडी लोंबतेय म्हणजे जखमी आहे, आणि जंगलात पडलेलं शिंग उचलून आणलं तर गुन्हा नाही कारण कुणी हरीण मारलेलं नाही. चारही गोष्टी चुकीच्या आहेत आणि शेवटची तर माणसाला केसमध्ये अडकवू शकते.

आधी फाट्यांचं बघू. चितळ काय नि सांबर काय, पूर्ण वाढलेल्या नराच्या एका शिंगाला साधारण तीनच फाटे असतात. म्हणजे या हिशोबाने ताडोब्यातला कुठलाही थोराड नर तीन वर्षांच्या पुढे जाणारच नाही. भेकराचं शिंग तर जन्मभर वीतभरही होत नाही, आणि कान्हाच्या बारशिंग्याला दोन्ही शिंगं मिळून दहाच्या वर टोकं. खरं काय होतं तर पाडस काही महिन्यांचं झालं, अंगात टेस्टोस्टेरॉन हे नरांचं हार्मोन वाढायला लागलं की कपाळाच्या हाडावर दोन उंचवटे येतात, ते कायमचे. त्यांच्यावर पहिली शिंगं येतात ती सरळ, बिनफाट्याची. ती गळतात, पुढची जरा मोठी येतात, मग फाटा फुटतो, असं करत काही वर्षांत तीन फाटे होतात. तेवढ्यापुरता अंदाज बांधता येतो, हे मान्य. पण पुढे शिंगाचा आकार चारा, तब्येत आणि आनुवंशिकता यांवर ठरतो, आणि म्हातारपणी शिंगं परत लहान व्हायला लागतात, त्यामुळे म्हातारा नर तरुण वाटू शकतो. वय बघायचं तर दात बघतात.

गळण्याचं म्हणाल तर धडधाकट नराचीही शिंगं गळतात. टेस्टोस्टेरॉन उतरलं की शिंगाच्या मुळाशी हाड झिजतं, शिंग पडतं आणि तिथूनच नवीन येतं. सांबराची साधारण उन्हाळ्यात पडतात, पावसाळ्यात नवीन वाढतात. चितळांचं एकसाथ होत नाही, एकाच कळपात कुणाची टणक, कुणाची व्हेल्वेटमधली (म्हणजे वाढत्या शिंगावरच्या मऊ कातडीतली), कुणाची नुकतीच पडलेली. काळवीट आणि गव्याची शिंगं मात्र गळत नाहीत, लोकांचा घोळ बहुतेक तिथंच होतो.

लोंबणारी कातडी म्हणजे तीच व्हेल्वेट. वाढत्या शिंगाला रक्त याच कातडीतून मिळतं, हाड टणक झालं की ती सुकते आणि नर झाडाला शिंगं घासून काढून टाकतो, थोडं रक्त दिसतंच. कृपा करून अशा वेळी त्याच्यामागे सफारीची जिप्सी घालायला लावू नका, आणि व्हेल्वेट असताना शिंगाला मार लागला तर ते वेडंवाकडं वाढतं हेही लक्षात ठेवा.

आणि पडलेलं शिंग. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपोआप गळालेल्या शिंगाला सूट नाही, परवानगीशिवाय घरी ठेवणं गुन्हाच. शिवाय साळिंदरं ती शिंगं कुरतडतात, त्यातून त्यांना कॅल्शियम मिळतं. दिसलं तर फोटो काढा, गार्डला सांगा आणि हात लावू नका.