तुपानं उंची वाढत असती तर

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो. शुद्ध तूप, जात्यावरचं पीठ, नदीचं पाणी. म्हणून जुनी माणसं उंचीपुरी, धिप्पाड, आणि आजची पोरं म्हणजे ब्रॉयलर कोंबड्या. खाली हात जोडलेल्यांची रांग. तुपाबद्दल माझं काही म्हणणं नाही, ज्याला परवडत होतं त्यानं खाल्लं. पण त्या यादीतलं नदीचं पाणी मला फार खटकतं.

कुठलं पाणी? गोदावरीचं. घाटावर धुणी, गुरं, राख, सगळं तिथंच, आणि त्याच काठावरून हंडा भरून घरी. त्या पाण्यानं पोरांना हगवण लागायची, जंत व्हायचे, विषमज्वर व्हायचा. जुन्या पिढीची उंची खाल्ली असेल तर ती या पाण्यानं.

माझे वडील, दादा, शिंपी. नाशकात रविवार कारंज्याजवळच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. जूनमध्ये गणवेशाची झुंबड उडायची आणि प्रत्येक आई एकच सांगायची, "भाऊ, वाढत्या अंगाचं शिवा." मग दादा बाहीला आणि हाफपॅन्टच्या खालच्या कडेला चांगली तीन बोटं दुमड ठेवायचे, पुढं उसवून सोडायला. काहींची दुमड दिवाळीतच सोडावी लागे. काहींचा शर्ट मात्र वर्षभर घासून विटायचा, कोपरात विरायचा, कॉलरचं सूत निघायचं, तरी दुमड आत जशीच्या तशी. उसवली की आतलं कापड नव्यासारखं निळं. दादा विचारायचे, पोराला बरं नव्हतं का? मग कळायचं, आधी गोवर निघाला, त्यावर खोकला बसला, नंतर पोट बिघडलं ते बिघडलंच.

यामागचं शरीरशास्त्र अवघड नाही. ताप आला की भूक मरते, आणि जे पोटात जातं ते आजाराशी लढण्यात खर्च होतं. वारंवार जुलाब झाले की आतड्याचं अस्तर खराब होतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. अशा वेळी शरीर हाडांची वाढ थांबवतं, कारण ती थांबवून जगता येतं. आजार एकदाच आला आणि नंतर पोटभर मिळालं तर पोर भरून काढतं. पण दर पावसाळ्यात तेच होत असेल तर भरून काढायला फुरसतच मिळत नाही. गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा काळ यात सगळ्यात नाजूक, आणि पौगंडावस्था सरली की हाडांची टोकं जुळतात, मग वाढ संपली. पोलीस भरतीच्या १६५ सेंटीमीटरसाठी विशीतली मुलं बारला लोंबकळतात, डबेच्या डबे पावडर खातात. विकणारे चोर आहेत, दुसरा शब्द नाही.

"उंची खानदानी असते हो." असते ना. एकाच वस्तीत, सारख्या परिस्थितीत वाढलेल्या दोघांत फरक का, हे बरंचसं जनुकंच ठरवतात. पण दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत सरासरी २० सेंटीमीटरनं उंच झाल्या, तेव्हा त्यांचं खानदान बदललं नव्हतं. जगात आज सगळ्यात उंच असलेले डच लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकनांपुढे बुटके होते. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या गरीब वस्त्यांतून जहाजांवर घेतलेल्या तेरा वर्षांच्या मुलांची सरासरी उंची होती जेमतेम १३० सेंटीमीटर. आज आपल्याकडे नऊएक वर्षांचं पोर तेवढं असतं. जगावर राज्य करायला निघालेल्या देशाच्या राजधानीतली ही मुलं.

(जुन्या नाशकातल्या वाड्यांची दारं बुटकी म्हणून पूर्वज बुटके, असं मात्र कुणी म्हणू नका. दार लहान ठेवण्यामागं लाकूड, सुरक्षितता अशी वेगळी कारणं होती.)

मग ती धिप्पाड जुनी माणसं आली कुठून? ती उरली म्हणून आपल्याला दिसली. १९५१च्या सुमारास देशात हजारातली १४६ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२०मध्ये महाराष्ट्रात हा आकडा १६ होता. देवीची लस, गोवराची लस, नळाचं पाणी, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, यांनी जे केलं ते तुपाच्या बरणीला जमलं नव्हतं. माझी आजी नऊ वेळा बाळंत झाली, चार जगली. त्या चारांकडे बोट दाखवून "बघा, काय काटक पिढी" म्हणायचं, आणि पाचांचं नावही घ्यायचं नाही, हा कुठला हिशेब?

आणि हे सगळं संपलेलं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. आधीच्या पाहणीत ३४.४ होती. म्हणजे पाच वर्षांत आपण जागचे हललो नाही, थोडे मागेच सरकलो. छाटणीच्या दिवसांत सुरगाणा, पेठकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला आलेली कुटुंबं बघा. लहानगी बांधावर, ताडपत्रीच्या पालात. गावातली अंगणवाडी मागं राहते आणि पिण्याचं पाणी जिथं मिळेल तिथलं.

आपल्या घरात तूप आहे म्हणून आपण सुटलो, असंही नाही. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७मध्ये दाखवलं, की भारतातली पहिली मुलं उंचीत आफ्रिकेतल्या पहिल्या मुलांच्या मागं नाहीत. पिछेहाट सुरू होते दुसऱ्यापासून आणि पुढच्या प्रत्येकाला वाढत जाते. त्याचं एक मोठं कारण त्यांनी सांगितलं ते थोरल्या मुलग्याचे लाड. आता ज्या घरात सगळ्यांची पानं उठल्यावर तळाचं भांडं खरवडून बाई जेवते, तीही दिवस गेलेले असताना, त्या घरात हे वाचून कुणाला नवल वाटायला नको.

ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचं कुणी आहे त्यांनी एवढं विचारा: तुम्ही भावंडं किती? त्यावर उत्तर आलं की पुढचं विचारा: जन्मलेली किती? दोन्ही आकडे खाली लिहा, नावं नकोत. मेसेज पुन्हा फिरला की मी तेच ग्रुपवर टाकणार आहे.