४०२ वजा १७८ आणि अख्खा आठवडा

या आठवड्यात तिसरीच्या वर्गात काय चाललंय, असं कुणी विचारलं की माझं उत्तर एका ओळीत संपतं : मधे शून्य असलेल्या संख्येतून हातच्याची वजाबाकी. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. "एवढंच? आठवडाभर?"

हो, एवढंच. आणि आठवडा कमीच पडतो.

४०२ − १७८ हे एकच उदाहरण घ्या. एककाच्या घरात २, त्यातून ८ जात नाहीत. शेजारी दशकाकडे मागायला जावं तर तिथे शून्य. मग त्याच्याही पलीकडे शतकाच्या दारात जायचं, एक शतक सुटं करून त्याची दहा दशकं करायची, त्यातलं एक दशक पुन्हा सुटं करून दहा एकक करायचे. म्हणजे ४०२ चे झाले ३ शतक, ९ दशक आणि १२ एकक. संख्या तीच, पण ओळखू न येण्याइतकी बदललेली. आपण मोठी माणसं हे डोळे मिटून करतो, म्हणून यात काही घडतंय हेच आपल्याला दिसत नाही.

वर्गात आम्ही काड्यांचे गठ्ठे घेतो. शंभराचे चार मोठे गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. "यातल्या आठ काढ" म्हटलं की मुलाचा हात आधी सुट्या काड्यांकडे जातो, मग मधल्या रिकाम्या जागेवर येऊन थांबतो. तिथे बराच वेळ घुटमळतो. मोठा गठ्ठा सोडायचं कुणी स्वतःहून धाडस केलं, की आत रबर लावलेले दहाचे दहा गठ्ठे निघतात आणि मग त्यातला एक सोडायचा असतो. हे दोनदा सोडणं जोवर हाताला कळत नाही, तोवर वहीतलं ४ खोडून ३ आणि ० खोडून ९ हे मुलासाठी निव्वळ मंत्रपठण असतं. मंत्र पाठ होतो, पण एक अक्षर चुकलं की सगळंच गेलं.

आता चुकांकडे या, कारण माझ्या मते खरा माल तिथेच आहे. या उदाहरणाचं उत्तर २२४. वर्गात येणारी दोन चुकीची उत्तरं मात्र अगदी ठरलेली : ३७६ आणि ३२४. ३७६ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं. वर कोण, खाली कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ३२४ लिहिणारं मूल कितीतरी पुढे पोचलेलं असतं. त्यानं शून्याचे ९ केले, २ चे १२ केले, फक्त शतकातून एक काढून घ्यायचं राहिलं. उत्तर बरोब्बर १०० नं जास्त. दोघांच्या वहीत फुली एकसारखीच पडते, पण दोघांना लागणारी मदत वेगवेगळी आहे.

३२४ लिहिणारी मुलगी ५०३ − २६७ चं काय उत्तर देईल, हे मी तिची वही न उघडता सांगू शकते : ३३६. (बरोबर उत्तर २३६.) हा काही माझा शोध नव्हे. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीच्या चुका बारकाईनं तपासून हेच मांडलं : यातल्या पुष्कळ चुका धांदरटपणाच्या नसतात, मूल एक चुकीचा नियम अगदी इमानदारीनं पाळत असतं. म्हणून "नीट लक्ष दे" या सल्ल्याला इथे काडीचाही अर्थ नाही. ते लक्ष देऊनच चुकतंय.

चाळीस उदाहरणांचा कागद घरी पाठवण्याला माझा विरोध आहे तो यामुळेच. नियम चुकीचा असेल तर चाळीस उदाहरणांत तो चाळीस वेळा घोटला जातो, आणि मग तो पुसायला महिना लागतो. चार उदाहरणं द्या आणि प्रत्येकाला "कसं केलंस ते सांग" म्हणा. वेळ तेवढाच जातो.

घरच्या मदतीबद्दलही बोलायला हवं. काही घरांत दुसरी पद्धत शिकवली जाते : वर दहा एकक वाढवायचे आणि खाली एक दशक वाढवायचं. १२ − ८ = ४; मग वरच्या ० चे १० आणि खालच्या ७ चे ८ करून १० − ८ = २; १ चे २ करून ४ − २ = २. उत्तर चोख येतं. दोन्ही संख्यांत सारखीच भर पडली, त्यामुळे फरक बदलत नाही. उत्तम पद्धत आहे. पण वर्गात गठ्ठा सोडण्याचं काम चालू असताना त्याच आठवड्यात ती मुलाच्या गळ्यात मारू नका. मूल दोन्हींची खिचडी करतं, वरून एक काढतं आणि खालीही एक वाढवतं. दोन आठवडे थांबा आणि मग खुशाल दाखवा. उलट तेव्हा मजा येते. गेल्या खेपेला एकानं दोन्ही संख्यांतून ३-३ काढून टाकले, ३९९ − १७५ केलं आणि हातच्याची भानगडच संपवली. असं सुचायला फरक म्हणजे काय ते आतून कळावं लागतं.

आणि ज्या शून्यावर मुलं अडतात, त्यावर जगही कमी अडलं नव्हतं. शून्य धरून बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये लिहिले. इटलीतल्या फिबोनाची या गणितीनं शून्यासकट हे भारतीय अंक युरोपातल्या व्यापाऱ्यांना समजावून सांगितले ते १२०२ मध्ये, आणि त्यानंतरही रोमन अंक हिशेबाच्या वह्यांतून हटायला काही शतकं गेली. आठ वर्षांच्या पोराला मात्र शुक्रवारपर्यंत यायला पाहिजे!

भाषेच्या तासाला या आठवड्यात रफार आहे. "सूर्य" म्हणताना र आधी येतो, लिहिताना मात्र पुढच्या य च्या डोक्यावर जाऊन बसतो. "सुर्य" लिहिलेलं दिसलं की सगळे ऱ्हस्व उकारावर तुटून पडतात. रफार योग्य जागी बसला, हे कुणाच्या खिजगणतीत नसतं.

पाचवीत वनस्पतींचं अन्न चालू आहे. "झाडाचं लाकूड कशापासून बनतं?" असं विचारलं की अख्खा वर्ग "मातीपासून" म्हणतो. घरी मोठ्यांना विचारून बघा, बहुतेक तेच उत्तर मिळेल. सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मॉन्ट या संशोधकानं कुंडीतल्या मातीचं वजन करून त्यात विलो नावाच्या झाडाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७४ किलोनं वाढलं, माती घटली ती जेमतेम ५०-६० ग्रॅम. हे १६४८ मध्ये छापून आलं. त्यानं निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासूनच बनतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात आलाच नाही. मला हा प्रयोग शिकवायला आवडतो तो याच कारणासाठी : मोजमाप झकास, निष्कर्ष अर्धवट. मुलांना विचारावं, याच्या नजरेतून काय सुटलं? पाठ्यपुस्तकातली प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या मात्र तीन ओळींत आटोपते आणि मुलं ती घडाघडा म्हणूनही दाखवतात.

"आज काय शिकलास?" या प्रश्नाला "काही नाही" हेच उत्तर येतं, हा सगळ्या घरांचा अनुभव. त्यापेक्षा वहीतलं एक चुकलेलं उदाहरण समोर ठेवा आणि "हे ३२४ कुठून आलं, मला दाखव" म्हणा. न रागावता. मुलं भरभरून बोलतात, आणि बोलता बोलता निम्मी वेळा स्वतःच थांबतात.

सोमवारपासून घड्याळ. ४ वाजून १० मिनिटांतून २ वाजून ४५ मिनिटं वजा करा म्हटलं की यंदाही बरीच मुलं १ तास ६५ मिनिटं लिहिणार, कारण ४१० − २४५ = १६५ हे त्यांनी आत्ताच घोटलंय. यावेळी सुटा केलेला तास शंभराचा नसून साठ मिनिटांचा असतो. घरात काट्यांचं घड्याळ असेल तर ते मुलाच्या हाताला येईल असं ठेवा, आणि १ तास २५ मिनिटं हे उत्तर आपण होऊन सांगू नका.