लोकसुनावणी निर्विघ्न पार पडावी म्हणून नागरिकांस काही सूचना

परवा एका प्रकल्पाची पर्यावरणविषयक लोकसुनावणी पाहण्याचा योग आला. मांडव कंपनीचा, खुर्च्या कंपनीच्या, पाण्याच्या बाटल्या कंपनीच्या आणि पुढच्या रांगांत बसलेली माणसंही बहुधा कंपनीचीच. जेवणाच्या वेळेआधी सगळं आटोपलं. अध्यक्षांनी आभार मानले, टाळ्या झाल्या. तरी मागे बसलेल्या चारदोन हेकट लोकांनी प्रश्न विचारून थोडा विरस केलाच. पुढल्या वेळी तेवढंही होऊ नये, म्हणून हे मार्गदर्शन.

पहिली गोष्ट, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना वाचू नका. १४ सप्टेंबर २००६ च्या, म्हणजे प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी कशी द्यायची ते ठरवणाऱ्या अधिसूचनेनुसार ही सूचना एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात द्यावी लागते आणि लोकांना किमान ३० दिवस मिळावे लागतात. हे ३० दिवस फार धोक्याचे. याच काळात प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सांगणाऱ्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला ठेवलेला असतो. तिथे गेलात की आधी कपाट शोधावं लागतं, मग कपाटाची चावी, आणि चावी ज्यांच्याकडे असते ते नेमके दौऱ्यावर असतात. कशाला कुणाला त्रास? गेलातच, तर ‘प्रत अजून आलेली नाही’ हे तोंडी उत्तर घेऊन निमूट घरी या. तिथल्या तिथे दोन ओळींचा अर्ज खरडून त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेत बसू नका. अहवाल मागूनही मिळाला नाही याचा तो एकमेव पुरावा ठरतो, आणि असले पुरावे पुढे हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालतात तिथे, वकिलांच्या हाती लागतात.

सुनावणी ऐन लावणीत ठेवली तर कुरकुर करू नका. भात काय, दरवर्षी लावायचाच असतो.

अहवाल हाती पडलाच तर मुखपृष्ठ बघा. त्यावर हिरवं पान असतं, कधी फुलपाखरू असतं. आतले तक्ते उघडू नका. पीएम १० ची, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीची, चोवीस तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. अहवालातले आकडे शंभराच्या उंबरठ्यापर्यंत येतात, पण आत पाऊल टाकत नाहीत, इतके संस्कारी. मोजणीची यंत्रं कुठल्या गावात लावली, ती सध्याच्या धुराड्यांचा धूर जातो त्या बाजूला होती की उलट बाजूला, हे त्याच अहवालातल्या वाऱ्याच्या दिशेच्या आकृतीशी ताडून बघता येतं. बघू नका.

आणि ऋतूबद्दल तर चकार शब्द काढू नका. बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एका ऋतूची, म्हणजे तीन महिन्यांची निरीक्षणं पुरतात. कोकणात ही मोठीच सोय. मार्च ते मे कातळसड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ माळावर हिंडलं की काळा, तापलेला जांभा दगड दिसतो. लिहून टाकायचं: पडीक जमीन, वनस्पती तुरळक, महत्त्वाची प्रजाती नाही. जूनमध्ये त्याच जांभ्याच्या खळग्यांत पाणी साठतं, बेडूक अंडी घालतात, दीपकाडी वर येते. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद या रानफुलांनी सडा झाकून जातो. सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं आणि त्यावर वाडीचा उन्हाळा निघतो. पण हे सगळं होतं तेव्हा अभ्यास करणारे अहवाल बांधून मोकळे झालेले असतात! जो महिना बघितला तर प्रकल्प अडेल, तोच नेमका वगळायचा, आणि वर त्याला शास्त्रीय म्हणायचं. हे शास्त्र लिहिणारा सल्लागार नेमतो कोण? प्रकल्पवाला. त्याचं बिल भागवतो कोण? प्रकल्पवाला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला सापडला होता, स्प्रूस आणि बर्चच्या जंगलांसकट. रत्नागिरीत बर्च! हापूसच्या जिल्ह्यात! ज्या कुणी तो अहवाल पुढे सरकवला त्याने एक पान तरी उलटलं होतं का? २००६ च्या अधिसूचनेचा परिच्छेद ८ स्पष्ट सांगतो की जाणूनबुजून माहिती लपवली किंवा खोटी दिली, तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द करता येते. हे वाक्य तिथे शोभेला छापलेलं नाही. पण ते वापरायचं तर कुठल्या पानावरचा कुठला आकडा खोटा, हे कुणीतरी लिहून द्यावं लागतं, आणि आपण तर...

असो. रागावू नये. सूचना पुढे चालू.

माइक हाती आला की भाषण करा. मायभूमी, पूर्वज, येणाऱ्या पिढ्या, सगळं घ्या, आवाज चढवा, गळा दाटून येऊ द्या. इतिवृत्तात त्याची एक ओळ होईल: ‘ग्रामस्थांनी प्रकल्पास विरोध दर्शविला.’ त्यावर कंपनीचं उत्तर येईल: ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल.’ ‘पान अमुक, तक्ता तमुक, उन्हाळ्यात रोज इतकं पाणी कुठून उचलणार, त्याचं परवानगीपत्र दाखवा’ असा रुक्ष प्रश्न मात्र टाळा. तो लेखी, दोन प्रतींत दिलात तर आणखी वाईट, कारण नोंदवलेल्या मुद्द्यांवर कंपनीला म्हणणं द्यावं लागतं आणि ते अंतिम अहवालात जावं लागतं.

त्याहून उत्तम उपाय म्हणजे बहिष्कार. घोषणा द्या, खुर्च्या उलटवा, बाहेर पडा. रात्री बातम्यांत दिसाल. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे तुम्ही गेल्यावर उरलेल्यांत ती कायदेशीर पार पडते. फारच गोंधळ घातलात तर त्याहून सोपं. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणी बोलता येणार नाही असा अहवाल गेला, की सुनावणीच वगळायचा अधिकार मंजुरी देणाऱ्या नियामक प्राधिकरणाला आहे. म्हणजे उधळलीत तुम्ही आणि सुटले ते.

शेवटपर्यंत थांबू नका, शेवटची एसटी चुकेल. इतिवृत्त त्याच दिवशी, तिथेच, स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने त्यावर त्याच दिवशी सही करायची असते. प्रतिनिधीचा दर्जा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी चालत नाही. व्यासपीठावर कोण बसलंय हे विचारू नका. कमी दर्जाचा असला तरी खपतोच. सगळ्याचं चित्रीकरणही सक्तीचं आहे, त्याची प्रत मागू नका.

माहितीचा अधिकार वापरायची खुमखुमी असेल तर एकाच अर्जात हवा, पाणी, झाडं, संमतीपत्रं आणि मंत्र्यांचे दौरे असं सगळं चार पानांत मागा. महाराष्ट्राच्या नियमांत एक अर्ज, एक विषय, १५० शब्द अशी मर्यादा आहे. दहा रुपयांत अर्ज परत.

आमदारांना भेटायचं असेल तर अधिवेशन संपत आल्यावर भेटा. सभागृहात मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावं लागतं त्या तारांकित प्रश्नाची मुदत तोवर केव्हाच उलटलेली असते, आमदारांनाही हळहळ व्यक्त करायला मोकळीक मिळते.

मंजुरी मिळाली की दुःखात बुडून जा, निदान तीन महिने. हरित लवादाकडे अपिलाची मुदत ३० दिवसांची, सबळ कारण दिलं तर वर आणखी ६०. पुण्यातलं खंडपीठ त्यानंतर तुमच्या दुःखात सहभागी होऊ शकत नाही. आणि मंजुरीतल्या अटींचा सहामाही अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला देणं बंधनकारक असतं, तोही उघडू नका.

संयम शिकायचा असेल तर पश्चिम घाटाकडे बघा. तिथल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ चा, सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडमध्ये डोंगर कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यातले १७,३४० महाराष्ट्रातले. दर वेळी हरकतींना ६० दिवस. दर वेळी मुदत संपते, मसुदा मरतो, नवा जन्मतो. राज्यं म्हणतात आमची गावं वगळा. आणि ती वगळावीत म्हणून ठराव करून पाठवणारे गावोगाव असतात, वेळेवर असतात, सहीशिक्क्यासह असतात. क्षेत्र राहावं म्हणणाऱ्यांची पत्रं कुठायत?

खरं सांगू? खाणवाल्यांचा आणि बिल्डरांचा माणूस मंत्रालयात दर आठवड्याला असतो. फाइल कुठल्या टेबलावर आहे, कक्ष अधिकारी कोण, टिप्पणी कधी वर जाणार, सगळं त्याला पाठ असतं. त्याचं ते कामच आहे. तुम्ही काय करता? एकाने लिहिलेला मसुदा शंभर जण ईमेलने तसाच पाठवता, खालचं ‘इथे आपले नाव लिहा’ सुद्धा न बदलता. नोंद करणारा त्या सगळ्यांची मिळून एक हरकत धरतो, आणि त्यात त्याची चूक काय? पुण्यामुंबईत बसून सड्याचे फोटो टाकता, पण ज्या तालुक्यात सुनावणी आहे तिथल्या कुणाला तो अहवाल मराठीत समजावून सांगायला एक रविवार काढवत नाही. आणि सरकारी खुर्चीतले साहेब, तुम्हीही ऐका: लोकांना अहवाल मिळावा, वाचता यावा, त्यांचं म्हणणं जसंच्या तसं उतरवलं जावं, ही मेहेरबानी नाही. नोकरी आहे तुमची ती. पगार त्याचा आहे.

आणि उद्या गावात धूर आला की ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ म्हणू नका. विचारलं होतं. घाईत विचारलं, अवेळी विचारलं, जाड इंग्रजी अहवाल पुढे करून विचारलं, पण विचारलं होतं. त्या दिवशी तुम्ही लग्नाला गेला होतात.